पाच वाक्यांतला डोंगा

तेंदूपत्ता वाळला की त्याला एक वास सुटतो. चहापत्तीसारखा म्हणावा तर तसा नाही, वाळल्या गवतासारखा म्हणावा तर त्याहून थोडा कडू. तो वास अजून तिथं आहे का, एवढंच पाहायला मी त्या दुकानात शिरले.

मागच्या डिसेंबरात एका लग्नासाठी कुरखेड्याजवळच्या आमच्या जुन्या गावी गेले होते. मांडवात अजून कोणी आलं नव्हतं, म्हणून पाय मोकळे करायला निघाले आणि नाक्यावर येऊन थबकले. जंगल खात्याचं पानांचं गोदाम होतं तिथं आता पत्रे, पाइप आणि रंगाचे डबे विकणारं दुकान होतं. भिंती मात्र त्याच होत्या, आणि छताजवळचे हातभर रुंदीचे झरोकेही तेच. आत चाळिशीतली एक बाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. काय पाहिजे म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, जरा पाहते. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिनं पायानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं.

वास नव्हता. रंगाचा आणि नव्या प्लास्टिकचा होता. पण मान वर करून झरोक्यांकडे पाहिलं आणि मला बंडूभाऊंच्या फिल्मच्या मशीनची टरटर ऐकू यायला लागली.

माझे बाबा या गोदामाचे चौकीदार होते. मे महिन्यात पानांची पोती यायची, छतापर्यंत थर लागायचे, आणि पावसाळा संपेपर्यंत ती एकेक करून ट्रकांत निघून जायची. हिवाळ्यात गोदाम रिकामं. मग ते माझं. फरशीवर पानांचा चुरा उरलेला असायचा, चालताना तळव्यांखाली चुरचुरायचा. वर वटवाघळं. मधोमध उभं राहून नाव घेतलं की नाव परत यायचं, पण किंचित जाड होऊन. आपलाच आवाज तिथं जाड का होतो, हे मी बाबांना कितीदा विचारलं असेल. बाबा म्हणायचे, "तुह्या परश्नाईले पोते कमी पडतीन."

तेव्हा मी सातवीत होते. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन दोन-चार वर्षं झाली होती. आम्हाला मराठी शिकवायला रामटेके बाई होत्या. ठेंगण्या, सावळ्या, पांढऱ्या साडीला बारीक निळा काठ. दर पौर्णिमेला त्या विहारात आमच्यासोबत वंदनेला बसायच्या, आणि तिथं त्यांना बाई म्हणायचं की आई सांगायची तसं मावशी, ते मला कधी ठरवता आलं नाही.

बाईंचं एक दुखणं होतं. धड्याचा सारांश लिहा म्हटलं की आम्ही सगळे गाईडमधला लिहायचो. मध्यवर्ती कल्पना विचारली की चारपैकी एक उत्तर ठरलेलं: खोटे बोलू नये, एकीने राहावे, उद्योगी असावे, आईवडिलांची सेवा करावी. कोणत्याही गोष्टीला यातलं एक चालायचं. एकदा बाईंनी वर्गातल्या एका मुलाला आदल्या रात्रीच्या नाटकाची गोष्ट विचारली. आमच्याकडे धान घरात आलं की गावोगाव नाटकं होतात. त्या मुलानं अर्धा तास सगळे प्रवेश, भांडणं आणि गाणी सांगितली. मग बाई म्हणाल्या, आता हेच पाच वाक्यांत सांग. त्यानं डोकं खाजवलं. बराच वेळ विचार करून म्हणाला, "उद्योगी असावे."

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या.

बाहेर नाक्यावर सरकारी फिल्मची गाडी उभी होती. जिल्ह्याच्या ठिकाणाहून ती हिवाळ्यात यायची, संध्याकाळी बाजारचौकात पडदा लागायचा आणि धानावरचे रोग, लसीकरण, विहिरीत औषध टाकणं असलं काहीबाही दाखवलं जायचं. गाडीसोबत बंडूभाऊ असत. रोजंदारीवरचे ऑपरेटर. उंच, खांद्यातून वाकलेले, अंगात कायम एक खाकी स्वेटर. कायम होण्याची वाट ते पाच वर्षं पाहत होते आणि हे ते कोणालाही पहिल्या भेटीतच सांगत.

दिवसभर ते गाडीच्या सावलीत झोपलेले असत. बाई मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे गेल्या. मी मागोमाग गेले, कारण बाई कुठं चालल्या हे मला पाहायचं होतं. तुमच्याकडे छोट्या गोष्टींच्या फिल्मा आहेत का, बाईंनी विचारलं. बंडूभाऊ म्हणाले, तशा डब्यात आठ-दहा पडून आहेत, पण लोक त्या पाहत नाहीत, म्हणून मी लावत नाही. आणि दिवसा दाखवायच्या तर अंधार कुठून आणू?

"आमच्या बाबाच्या गोदामात दिवसाबी अंधार रायते," मी म्हटलं.

अशी ती सुरू झाली, शनिवारची फिल्म. बाबांनी किल्ली दिली. रेंजर साहेबांना विचारायला हवं, असं ते आईला म्हणाल्याचं मी ऐकलं होतं, पण विचारलं नाही. झरोक्यांत आम्ही बारदाना कोंबला. आत पोती अंथरून सगळा वर्ग बसला. बाहेर जनरेटर फटफटत होता आणि आत मशीनमधून उजेडाचा एक सरळ पट्टा भिंतीकडे गेला. त्या पट्ट्यात पानांचा चुरा तरंगत होता. मी पहिल्या दिवशी चित्र पाहिलंच नाही. तो चुराच पाहत बसले. इतका चुरा हवेत रोज असतो आणि दिसत नाही, मग आणखी काय काय असेल?

बाईंचा नियम साधा होता. पहिल्यांदा नुसतं पाहायचं. दुसऱ्यांदा पाहायचं आणि मग पाटीवर लिहायचं: झालं काय, ते पाच वाक्यांत. गोष्ट कशाची, ते एका वाक्यात. सहावं वाक्य लिहिलं की बाई ते पुसून टाकत. कोणतं ठेवायचं हे लवकर समजतं, त्या म्हणायच्या, कोणतं सोडायचं ते समजायला वेळ लागतो.

कुंभाराची एक फिल्म होती, मुंग्यांची एक होती. पण सगळ्यांना आवडली ती डोंग्याची. अकरा-बारा मिनिटांची, त्यात कोणी बोलतच नव्हतं. नदीवर नवा पूल झालेला असतो. सगळं गाव पुलावरून जातं. घाटावर म्हातारा डोंगेवाला एकटाच बसून असतो. मग बकरीचं पिल्लू काखेत घेऊन एक मुलगी येते, पूल असताना डोंग्यात बसते. म्हातारा तिला पलीकडे नेतो. ती उतरते, वळून न पाहता जाते. म्हातारा डोंगा वाळूत ओढून पालथा घालतो. संपलं.

आमच्या सतीनदीवर तेव्हा डोंगा चालायचा. त्यामुळे ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक असल्यासारखी वाटली, आणि तरी कोणाचंही वाक्य दुसऱ्यासारखं आलं नाही. एकानं लिहिलं, पूल चांगला असतो. दुसऱ्यानं लिहिलं, म्हाताऱ्याचं काम गेलं. बाईंनी सगळी वाक्यं शाळेतून आणलेल्या फळ्यावर लिहिली, चूक-बरोबर काही म्हटलं नाही.

जैवंता हलामी माझ्या शेजारी बसायची. कोरचीकडच्या डोंगरातलं तिचं गाव, शाळेसाठी आत्याकडे राहायची. घरी गोंडी बोलायची. वर्गात बोलायचीच नाही. मराठीचं वाक्य तोंडात नीट जुळवेपर्यंत प्रश्न पुढच्या बाकावर गेलेला असायचा. ती दोनदा नापास झाली होती आणि यंदा पास झाली नाही तर आत्या तिला परत पाठवणार होती. या फिल्ममध्ये कोणी मराठी बोलत नव्हतं. बाई तिच्यापाशी येऊन थांबल्या, पाटी मागितली नाही, नुसत्या थांबल्या. जैवंतानं आधी गोंडीत काहीतरी म्हटलं, मग हळूहळू मराठीत आणलं.

"पोरगी त्याले अखरीचं काम द्याले आली."

बाईंनी ते वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं, 'अखरीचं' सुद्धा तसंच. मला तेव्हा तिचा हेवा वाटला होता. आम्ही सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं होतं, आणि मुलगी कशासाठी आली, हे एकट्या तिनं पाहिलं होतं.

माझा प्रश्न वेगळाच होता. डोंग्यात बसल्यावर त्या मुलीची एक मूठ मिटलेली असते. एका हातात पिल्लू, दुसरी मूठ मांडीवर, घट्ट. चित्र पटकन पुढं जातं. त्या मुठीत काय होतं? आठवडाभर आमच्या वर्गात दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणालं चणे, कोणी म्हणालं टोरी, म्हणजे मोहाच्या बिया, कोणी म्हणालं पिल्लाच्या गळ्यातली घंटी. जैवंता म्हणाली, नदीचं पाणी. मूठ मिटून पाणी राहत नाही, आम्ही म्हटलं. ती म्हणाली, थोडं राहते.

शेवटी मी बंडूभाऊंनाच विचारलं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला.

"मी हे फिलीम पन्नासदा लावली असंन, पोरी," ते म्हणाले. "पन पायली कधीच नाई."

पुढच्या शनिवारी ते मशीनशेजारी उभे राहून पहिल्यांदाच भिंतीकडे पाहत होते. डोंगा निघाला. मुलगी बसली. मूठ दिसली आणि मी ओरडून म्हटलं, "भाऊ, थांबवा नं. पाहू द्या."

त्यांनी थांबवलं.

मुलीचा चेहरा, कोपरापासूनचा हात आणि मूठ भिंतीवर स्थिर झाली, आमच्या डोक्यांएवढी मोठी. मी पोत्यावरून अर्धी उठले. मग मुठीच्या मधोमध एक तपकिरी ठिपका उमटला. मला वाटलं, आता ती मूठ उघडते आहे. ठिपका फुगला, त्याच्या कडा उकळल्यासारख्या हलल्या, आणि मूठ वितळून तिथं नुसता पांढरा उजेड उरला. जळक्या नखासारखा, त्यात काहीसा आंबट असा वास आला. बंडूभाऊंनी उघड्या हातानं फिल्म ओढून काढली. त्यांच्या बोटांना चटका बसल्याचं आम्हाला ते बोटं तोंडात घालून उभे राहिले तेव्हा कळलं.

नंतर त्यांनी सांगितलं, चित्र थांबवलं की दिव्याची उष्णता अडवायला मशीनमध्ये एक काच असते. ती काच कधीचीच फुटलेली होती. हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच ते कधी चित्र थांबवत नसत.

आठवड्याभरात जिल्ह्याच्या ऑफिसातून बाईंना पत्र आलं. सरकारी फिल्म शाळेच्या कार्यक्रमात जळाली, तरी झाल्या प्रकाराचा खुलासा पाठवावा, अधिकारी स्वतः येऊन चौकशी करतील. बंडूभाऊंना कामावरून काढतील असं गावात बोललं जात होतं. आणि कोणाच्या परवानगीनं गोदाम उघडलं हेही आता विचारलं जाणार, हे बाबांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं.

बाई वर्गात म्हणाल्या, या शनिवारी फिल्म नाही. त्या दिवशी काय झालं ते पाच वाक्यांत लिहा. आणि ती गोष्ट कशाची, ते एका वाक्यात.

मधल्या सुट्टीत आम्ही मोहाच्या झाडाखाली जमलो. बंडूभाऊंना वाचवायचं, हे सगळ्यांचं आधीच ठरलेलं होतं. कसं वाचवायचं ते मी सुचवलं. सगळ्यांनी लिहायचं, जनरेटर एकदम बंद पडला, म्हणून फिल्म अडकली आणि जळाली. जनरेटरला कोण कामावरून काढणार? मी माझी पाच वाक्यं भराभर लिहिली. दर पौर्णिमेला मी विहारात खोटं न बोलण्याचं शील मोठ्यानं म्हणत असे. लिहिताना ते आठवलं, पण बाबाही आठवले.

बाईंनी कागद गोळा करून एकेक वाचले. बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, "एक सोडून सगळ्यांचं सारखंच आलं. पुन्हा गाईड मिळालं वाटतं तुम्हाला."

आवाज चढला नव्हता. त्यामुळेच जास्त लागला. मग त्यांनी गठ्ठ्यातून एक कागद बाजूला काढला आणि वाचून दाखवला. आम्ही सिनेमा पाहत होतो. एका पोरीनं म्हटलं, थांबवा, मले पाहू द्या. भाऊनं थांबवला. काच नव्हती म्हणून जळला. भाऊनं हातानं विझवला. आणि खाली एक वाक्य: ही गोष्ट पोरगी म्हणली तं थांबला त्या मानसाची होय.

नाव वाचलं नाही, पण अक्षर कोणाचं ते मला ठाऊक होतं. जैवंता मान खाली घालून बाकावरच्या रेघा बोटानं गिरवत होती. तिनं माझं नाव लिहिलं नव्हतं. एका पोरीनं, एवढंच.

शाळा सुटल्यावर मी थांबले. बाई, ती पोरगी मी होते, असं म्हणाले. बाई म्हणाल्या, मला माहीत आहे, मी तिथंच होते. मग माझा कागद माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "पण यात तू कुठंच नाहीस."

मी तिथंच बसून दुसरा कागद लिहिला. पहिलं वाक्य लिहायला फार वेळ लागला, बाकीची चार आपोआप आली. घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबा अंगणात बैलांसाठी तणस पसरत होते. त्यांनी काम थांबवलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, किल्ली मी दिली होती, ते तुह्या कागदात लिवलं का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "तं लिव. तू आपलं लिवलं, मंग माहं काऊन सोडतं?"

म्हणून माझ्या सारांशात सहा वाक्यं झाली. बाईंनी सहावं पुसलं नाही.

अधिकारी आले ते वयस्क होते, कानाला मफलर गुंडाळलेला, पायात धुळीनं पांढरे झालेले बूट. मी त्यांना फार उग्र समजून बसले होते. त्यांनी आमचे सगळे नवे कागद एकेक करून वाचले, कारण तोपर्यंत सगळ्यांनीच पुन्हा लिहिले होते. मग त्यांनी मला उभं केलं. कशासाठी थांबवायला सांगितलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुठीत काय आहे ते दिसलं नाही म्हणून. कोणाची मूठ, ते म्हणाले. त्यांना गोष्ट ठाऊकच नव्हती. त्यांच्या ताब्यातली फिल्म होती आणि त्यांनी ती पाहिली नव्हती. बाई म्हणाल्या, जैवंता, साहेबांना सांग.

ती उठली. पाच वाक्यांत सांगितली. मराठी अडखळत होती, पण गोष्ट अडखळली नाही. साहेब टेबलावर कोपर टेकून ऐकत होते. तिचं संपलं. मग त्यांनी दाराशी उभ्या बंडूभाऊंकडे वळून विचारलं, ती काच फुटल्याचं वर कळवलं होतं का? बंडूभाऊ म्हणाले, दोनदा कळवलं होतं, साहेब. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

बंडूभाऊंचं काम गेलं नाही. ते वर्ष त्यांना गाडीवर पाठवलं नाही, ऑफिसात फिल्मांचे डबे पुसत बसवलं. पुढल्या हिवाळ्यात ते पुन्हा आले, मशीनला नवी काच होती. बाबांना रेंजर साहेबांनी बरंच ऐकवलं, पण शाळेनं रीतसर अर्ज केला आणि महिन्यातून एका शनिवारी गोदाम मिळू लागलं. डोंग्याची फिल्म कापून जोडली होती. त्या जागी आता मुलगी डोंग्यात बसायची आणि एकदम पलीकडच्या काठावर असायची. मुठीत काय होतं, ते त्या कापलेल्या वीतभर तुकड्यासोबत गेलं. आम्ही जेमतेम दोनदा पाहिली आणि त्यानंतर बाईंची बदली एटापल्लीकडे झाली. जैवंता पास झाली. पुढं ती कोरचीकडेच शिक्षिका झाली, आणि मी जंगल सोडून नागपुरात गेले. बाई वारल्या तेव्हा आम्ही दोघी एकाच रिक्षातून त्यांच्या घरी गेलो होतो, आणि वाटेत फारसं बोललो नव्हतो.

यातलं थोडं मी त्या दुकानातल्या बाईला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तिनं विचारलं, वर काय पाहून राह्यल्या? मी म्हटलं, इथं सिनेमा दाखवायचे. कोणता, ती म्हणाली. मग डोंग्याची गोष्ट सांगावी लागली. इतक्या वर्षांनी मी ती मिटल्या मुठीसकट पाच वाक्यांत सांगितली आणि एकही वाक्य अडलं नाही. मनात तयारी होती की आता ही विचारील, मुठीत काय होतं म्हणून.

तिनं ते विचारलं नाही. शेंगा सोलणारे तिचे हात थांबले होते. बाहेर मांडवातला लाउडस्पीकर सुरू झाला होता आणि मला निघायला हवं होतं.

"मंग तो बुढा घरी गेला असंन," ती म्हणाली. "त्याच्या बायकोनं इचारलं असंन, आज इतक्या लवकर कसे आले? तं त्यानं काय सांगतलं असंन?"

आमच्या वर्गात चाळीस पोरं होती. हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. म्हाताऱ्याला घर असेल, हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. मी स्टूल जरा तिच्याजवळ ओढलं, तिच्या सुपातल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलता सोलता म्हटलं, तुम्हीच सांगा, काय सांगितलं असेल.